देवाला दावं

गाडीच्या टपावर सामान दिसलं की आत कोण बसलंय ते मी बघत नाही, आधी गाठी बघते. लातूरच्या चौकात सिग्नलला उभी असते आणि शेजारच्या जीपवरची गादी बघून माझं डोकं फिरतं. एकच दोरी, तीही एकाच बाजूनं ओढलेली, वर एक सुरगाठ, आणि एवढ्या भांडवलावर लोक लेकराबाळांसह हैदराबादला निघतात. काही महाभाग खिडकीतून हात बाहेर काढून गादी धरून बसतात. घरात ज्या हातात कपबशी धड राहत नाही, तो हात धावत्या गाडीवरची गादी धरणार. मी काच खाली करून अशा लोकांना सांगते. ते हसतात. हसू देत. या हसण्याची सवय मला माझ्या थोरल्या काकांनी फार आधीच लावलेली आहे.

काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले आणि आमच्या घराचा कारभार काकांकडे आला, म्हणजे त्यांनी तो घेतला. कंधारजवळच्या आमच्या गावात त्यांना इंजिनिअर म्हणत. शिक्षण चौथी. बहात्तरच्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर मुकादम होते. हजेरी घ्यायची आणि छत्री धरून उभं राहायचं, एवढीच त्यांची इंजिनिअरी. पण तेवढ्यावर त्यांनी पुढची वीस वर्षं काढली. कुणाचं माळवद गळायला लागलं की काकांना बोलावत, आणि काकांनी उपाय सांगितला की ते दोन ठिकाणी गळायला लागे. तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काकांनाच बोलावत. गाव तसंच होतं.

आमच्या घरात थोरल्या दिरासमोर बाईनं बोलायचं नाही, अशी रीत होती. त्यामुळं आई काकांशी आयुष्यात एकदाही थेट बोलली नाही. ती पदर कपाळावर ओढून भिंतीकडे बघायची आणि मला म्हणायची, "त्यांना सांग, चहा झाला." काका दोन हातांवर बसलेले असत. त्यांनी ते ऐकलेलं असे. तरी मी सांगेपर्यंत ते हलत नसत. मी सांगायची आणि त्यात माझ्या पदरची दोन वाक्यंही घालायची. तोंडाळ म्हणून मी गावभर बदनाम होते. आईला माझ्या तोंडाची धास्ती वाटायची, आणि तिचं कामही त्याच तोंडावर चालायचं.

बहात्तरला आई त्याच रस्त्यावर खडी फोडायला होती. दीर छत्रीखाली मुकादम, भावजय उन्हात खडीवर. मी अकरा वर्षांची होते. माझी धाकटी बहीण चार वर्षांची; आई तिला कामावर नेऊन बाभळीखाली निजवायची. त्या उन्हाळ्यात तिला हगवण लागली आणि ती तीन दिवसांत गेली. तिचा फोटो नव्हता. आमच्याकडे कुणाचाच फोटो नव्हता. तिच्या पायातले चांदीचे वाळे तेवढे राहिले होते.

आईनं ते वाळे कंधारच्या सोनाराकडे दिले आणि त्यांचा टाक करून घेतला. देवघरात खंडोबाचा टाक असतो, भवानीचा असतो, गेलेल्या कर्त्या माणसांचे असतात. रुपयाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली एक आकृती, एवढंच ते असतं. काकांनी तो बघितला आणि ते म्हणाले, पोरीचा कुठं टाक असतो का? ती ना सवाष्ण, ना कर्ती. आई भिंतीकडे बघत राहिली. या वेळी तिनं माझ्याकडून काहीच निरोप दिला नाही. टाक मात्र देवघरात मागच्या ओळीत बसला आणि बसूनच राहिला. सकाळी आई सगळ्या देवांना एकदा पाणी घालायची आणि त्या टाकाला दोनदा. मी देव मानत नव्हते, पण त्या दुसऱ्या पाण्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.

मग दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, आणि नव्या कार्यालयांना टायपिंग येणारी माणसं पाहिजे होती. मला नोकरी लागली. एकटी पोरगी परगावी राहणार नाही, म्हणून आईही माझ्याबरोबर येणार असं ठरलं. तिला गावात ठेवणारं तसंही काही उरलं नव्हतं. पाऊस पुन्हा दोन वर्षं हुलकावणी देत होता, विहिरीत बादली आपटल्याचा आवाज यायचा, आणि बैलजोडी काकांनी विकून टाकली होती. आईनं एकच अट घातली. माझ्यामार्फत. देव बरोबर येतील.

काकांनी नांदेडहून एक अँबेसिडर ठरवली. जिल्ह्याच्या ऑफिसात लागलेली पोरगी एस.टी.नं गेली तर गावात तोंड काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. तोंड माझं नव्हतं, त्यांचंच होतं. गाडीवर कॅरिअर होतं. ड्रायव्हर नांदेडचा, पिकल्या दाढीचा, दखनी बोलणारा. मी त्याला चाचा म्हणत होते. त्या दिवशी अंगणात अक्कल असलेला तोच एक पुरुष होता, आणि म्हणूनच त्याचं कुणी ऐकलं नाही.

चाचाचा हिशोब साधा होता. जड सामान तळाला, मधोमध. हलकं त्याच्यावर. वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवरून दोर आधी पुढून मागं, मग आडवा, मग तिरपा. थोडं अंतर गेल्यावर उतरून प्रत्येक गाठीला हात लावून बघायचं, कारण सामान बसतं आणि दोर ढिला पडतो. मला हे नवं नव्हतं. आमच्या गाडीवर कडबा असाच बांधत. बैलगाडीवरचा कडबा ज्यानं बांधलाय त्याला हे कळतं. ज्यानं छत्री धरलीय त्याला कळत नाही.

काकांचा सिद्धांत उलटा होता. वजन वर असलं की खालचं सामान दबून राहतं, हलत नाही. हा सिद्धांत त्यांना रस्त्यावरच्या रोलरवरून सुचला असावा. त्यांनी खाली गाद्या घातल्या, त्यावर कपड्यांची पेटी, त्यावर पाण्याचा पत्र्याचा पिंप आडवा, आणि सगळ्यांच्या वर, एखाद्या राजासारखा, आईचा दगडी पाटा. मी म्हटलं, काका, पाटा खाली घ्या, वळणावर येईल तो. ते माझ्याकडे न बघता चाचाला म्हणाले, "मी रस्ते केलेत. अन् ही मला सामान शिकवून राहिली."

दोर म्हणून गोठ्यातली दावी आणली. बैल गेले होते, दावी खुंटीला तशीच लटकत होती. चाचानं ती ओढून बघितली, चालतील म्हणाला. ताडपत्री पडली, दावी आवळली गेली. आणि मग आई देवाची पेटी घेऊन बाहेर आली.

ती पेटी म्हणजे बिस्किटाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, वरच्या झाकणाला नुसती कडी, कुलूप नाही. आत लाल फडक्यात देव. आई ती मांडीवर घेऊन बसणार होती. एवढी सरळ गोष्ट. पण मला आदल्या दिवशी कावळा शिवला होता. आमच्या घरात ही बातमी लपवायची सोय नव्हती, कारण त्या चार दिवसांत कोपऱ्यात बसावं लागे आणि कोपरा ओसरीवरून दिसे. मी गाडीत बसणार, म्हणजे गाडीत शिवाशिव. देव माझ्याबरोबर एका गाडीत कसे बसणार? काकांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. पोरगी आत, देव वर. वर विटाळ पोचत नाही.

बरं, वर तर वर. चाचानं दाव्याचं एक टोक उचललं आणि पेटीवरून घ्यायला लागला. काकांनी त्याचा हात धरला. ढोराच्या गळ्यातलं दावं देवावर घालायचं का? देवाला बांधतात का कधी? मग ती पेटी ताडपत्रीच्या आत तरी घ्या, असं मी म्हटलं. त्यावर काका म्हणाले, देवाच्या डोक्यावर काही ठेवत नसतात. म्हणून देव सगळ्यात वर, पाट्याच्या जागी ताडपत्रीवर, मोकळे. ताडपत्रीचं एक टोक तेवढं त्यांच्या पायाशी खोचलं.

चाचा टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "बाई, रस्सी नै डाले तो ऊपर का सामान नीचेच आता."

मी म्हटलं, "काका, पडल ती पेटी."

काका हसले. त्यांच्याबरोबर अंगणात जमलेले चारदोन रिकामटेकडेही हसले. "देव कुठं पडत असतेत का? तू तुझं बघ. तुझ्यामुळंच वर बसावं लागून राहिलं त्यांना. आता लातूर येईस्तोवर तोंड उघडू नको."

मी तोंड मिटलं. रागानं मिटलं. तशीच गाडीत बसले आणि लोहा मागं पडलं.

माळेगावला काकांनी गाडी थांबवायला लावली. खंडोबाचं दर्शन घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. काका आणि आई देवळात गेले, चाचा चहाला गेला. मला देवळात जाता येत नव्हतं, म्हणून मी गाडीपाशी उभी राहिले आणि वर बघितलं. ताडपत्रीखालचा पाटा तिरका झालेला दिसत होता. देवाची पेटी घसरून पार कडेला आली होती आणि ताडपत्रीच्या त्या खोचलेल्या टोकावर अडकून बसली होती. माझा हात पोचत नव्हता, पण मी पायदानावर चढले असते तर पोचला असता. चाचाला हाक मारली असती तर तो चहा सोडून धावत आला असता.

मी काहीच केलं नाही. पेटीला मी शिवायचं नव्हतं, हे एक कारण मी स्वतःला दिलं. तोंड उघडू नको म्हटलं होतं, हे दुसरं. दोन्ही खोटी. खरं एवढंच की मला ती पडायला हवी होती. अहमदपूरच्या स्टँडसमोर, भर बाजारात, चार लोकांच्या देखत ती पडावी आणि काकांचं तोंड उतरावं, असं मी डोळ्यांपुढं रंगवलं. पेटी पडेल, आवाज होईल, ती उचलून आपण मांडीवर घेऊ. त्या पेटीत काय आहे हे मला माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं पेटी नव्हती, काका होते.

दोघं कपाळाला भंडारा लावून परत आले. गाडीत बसण्याआधी आईनं एकदा वर बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे बारीक झाले होते. मला वाटलं, ऊन लागतंय.

चाचा म्हणाला, एक मिनिट, दोर बघून घेतो. काकांनी त्याला बसवलं. उशीर होतोय म्हणाले. आणि पुढं अहमदपूरच्या अलीकडे त्यांनी गाडी मोठ्या रस्त्यावरून खाली उतरवायला लावली. का, तर इथून एक आडरस्ता जवळ पडतो आणि तो बहात्तरला त्यांनी स्वतः केलेला आहे. तसा तो शेकडो माणसांनी केला होता, त्यात आईही होती. पण रस्ता मुकादमाचाच म्हणायचा, खडी फोडणारीचा नाही. त्या रस्त्यावर खडी होती, एवढं खरं. ती दाबायची राहून गेली होती.

गाडी दणके खात निघाली. काका पुढच्या सीटवरून सांगत होते की इथं किती बाया होत्या, इथं आपण पाण्याचा हौद कसा केला. आई खिडकीतून बाहेर बघत होती. एका ओढ्याच्या उतारावर गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, वर काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला, आणि मागोमाग धप्प.

ढिल्या दाव्यातून निसटलेला पाटा खडीवर पडून मधोमध फुटला होता. देवाची पेटी त्याच्याही पलीकडे, उघडी, आणि देव ओढ्याच्या उतारावर सगळीकडे. काकांचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. मी बघितलंही नाही. आई धावत होती. मी तिला त्याआधी कधी धावताना बघितलं नव्हतं.

मला काकांनी गाडीपाशीच थांबवलं, देवांना हात लावायचा नाही म्हणून. मी लांबून बघत राहिले. काका एकेक देव उचलून धोतराच्या सोग्याला पुसत होते आणि मोठ्यानं मोजत होते. खंडोबा. भवानी. आजोबांचा टाक. बाळकृष्ण. अन्नपूर्णा. घंटी चेपली होती, पण होती. शंखाचा एक टवका गेला होता. मग त्यांनी सगळं फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "देव पुरे भरले. चला."

आई मला म्हणाली, "त्यांना सांग, एक राहिला."

मी सांगितलं.

"तो कुठं देवात धरायचा असतो?" काका म्हणाले. "बसा गाडीत. ऊन चढून राहिलं."

आई गाडीत बसली नाही. ती खाली बसली, उकिडवी, जशी ती त्या उन्हाळ्यात दिवसभर बसायची, आणि एकेक खडा उचलून बाजूला ठेवायला लागली. घाई नाही, रडणं नाही. तिचे हात त्या दगडांना ओळखत होते. मी जाऊन तिच्याजवळ बसले. काका मागून ओरडले, शिवू नको म्हणून. मी शिवले. त्या उतारावरचा एकही दगड मी शिवायचा ठेवला नाही.

काका तासाभरानं तिसऱ्यांदा निघा म्हणाले, तेव्हा उत्तर चाचानं दिलं. तोही धोतरासारखी लुंगी खोचून ओढ्याच्या तळाशी शोधत होता. "गाडी मैं चलातूं, साब. अम्मा उठेंगे तबीच चलेगी."

ऊन कलेपर्यंत आम्ही शोधलं. रुपयाएवढा पत्रा, खडीच्या रस्त्यावर. शेवटी आई आपणच उठली, लुगड्याची माती झटकली आणि पेटी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. लातूरपर्यंत देव माझ्या मांडीला लागून होते. काका एक शब्द बोलले नाहीत.

पण गावात परत गेल्यावर ते बोलले, आणि मरेपर्यंत बोलत राहिले. त्यांच्या गोष्टीत त्या उतारावर गाडी उलटणारच होती, पण खंडोबानं स्वतः खाली उडी घेऊन संकट अंगावर घेतलं. देव वर ठेवायचा निर्णय त्यांचाच होता, हे ते आवर्जून सांगत. लोक हात जोडत. त्यांच्या तेराव्यालाही कुणीतरी ही गोष्ट सांगितली, आणि मी तिथून उठून गेले.

त्या रस्त्यावर मी नंतर दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तिथं डांबर पडलेलं होतं. आई लातूरला देव्हाऱ्यासमोर बसायची तेव्हा मागच्या ओळीतली जागा मोकळी ठेवायची, आणि त्या मोकळ्या जागेवर दुसरं पाणी घालायची. पाणी चार दिवसांनी यायचं तेव्हाही.

मी मात्र माझी गोष्ट सांगत राहिले. काका किती मूर्ख होते, ढोराचं दावं आणि देवाचं डोकं, पाटा सगळ्यात वर. ऑफिसात सांगितली, लग्नकार्यात सांगितली. लोक पोट धरून हसायचे. त्यातलं माळेगाव मी गाळायची.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी स्वतःची गाडी घेतली आणि स्वतःचं घरही. भाड्याच्या घरातलं शेवटचं सामान मी टपावर बांधत होते: आईची गादी, तिची पेटी, ताडपत्री, दोर पुढून मागं, मग आडवा, मग तिरपा. आई पुढच्या सीटवर देव मांडीवर घेऊन बसली होती. शेजारीण निरोपाला आली होती आणि माझ्या गाठी बघून हसत होती, म्हणून मी तिला काकांची गोष्ट सांगितली. तीच, माळेगाव गाळून.

गोष्ट संपल्यावर आई खिडकीतून म्हणाली, "माळेगावला पेटी सरकलेली मलाबी दिसली होती."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"मी कुठं बोलायची त्यांच्याशी? सगळं तुझ्याच तोंडून जायचं न्हाई का." तिनं मांडीवरच्या पेटीचं फडकं नीट केलं. "तुझ्याकडं बघितलं बी होतं मी. मला वाटलं, बोलशीलच. तू कधी गप बसतीस व्हय?"

शेजारीण हसली. तिला तो माझ्या तोंडाळपणावरचा विनोद वाटला. मी खाली वाकले आणि नीट बसलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली.